पेटीतली घरे

विजय धुरी यंत्रांशी प्रमाण मराठीत बोलत आणि माणसांशी मालवणीत. मुंबईतल्या एका वर्तमानपत्रात आम्ही बरीच वर्षे एकत्र काम केले. ते संगणक विभाग सांभाळत. संपादकांना ते "काय सायबानू" म्हणत आणि सर्व्हरला "जरा थांबा, आपलंच काम बघतोय" म्हणत. कुणीतरी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "माणूस अर्ध्यार समाजता. ह्येंका सगळा स्पष्ट सांगूक लागता. कचेरीत बोलतत तसा."

ते सडपातळ होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत आणि त्याच्या खिशात पेनाऐवजी एक बारीक पेचकस आणि धूळ झाडायचा ब्रश ठेवत. सर्व्हरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढत. इतरांनी काढाव्यात असा त्यांचा आग्रह नसे, पण त्यांच्या काढलेल्या चपला बघून बाकीचेही काढत. प्रत्येक वायरीला ते पांढरी पट्टी लावून नाव लिहीत. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते. कुणी धावत येऊन "मशीन मेलं" म्हणाले की ते विचारत, "प्रत आसा मां? प्रत आसा तवसर मेला म्हणा नको."

एका दुपारी अंकाची पाने असलेला मुख्य संगणक बंद पडला. धुरींनी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढले, आधी घेतलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर चढवली आणि काम सुरू करून दिले. प्रत तासाभरापूर्वीची होती. त्या तासात एक ज्येष्ठ नट वारले होते आणि पहिल्या पानाचा मथळा बदलला होता. परत आलेल्या पानावर मात्र त्यांची प्रकृती अजून चिंताजनकच होती. उपसंपादकाने लगेच मथळा बदलायला घेतला. धुरी त्याच्या खुर्चीमागे उभे होते. "वायच थांब," ते म्हणाले. त्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचले आणि म्हणाले, "हय अजून जितो आसा." मग ते चहा प्यायला गेले.

निवृत्तीनंतर ते गावी आले. मीही जिल्ह्याचा वार्ताहर म्हणून कुडाळला आलो होतो, त्यामुळे भेटी चालू राहिल्या. त्यांची वाडी मालवणच्या दक्षिणेला, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर आहे. एकच पाऊलवाट, तिच्या दोन्ही अंगांना माड, आणि माडांत घरे. वाट धुरींच्या घरापासून सुरू होते आणि किनाऱ्यावरच्या स्मशानापाशी संपते. बहुतेक घरे चतुर्थीला आणि जत्रेला उघडतात. एरवी माणसे मुंबईत असतात आणि किल्ल्या धुरींच्या भिंतीवरच्या खिळ्यांना.

किल्ल्या सांभाळणे हे काम त्यांच्या वडिलांकडून आलेले होते. त्यात मुख्य काम एकच: तिन्हीसांजेला प्रत्येक बंद घराच्या पडवीत दिवा लावणे. घर बंद असले तरी काळोखात ठेवायचे नाही, असे ही माणसे मानतात. वडिलांचा आणखी एक नियम होता. एका घरची काडी दुसऱ्या घरच्या दिव्याला लावायची नाही. म्हणून प्रत्येक पडवीच्या कोनाड्यात त्या त्या घराची वेगळी काडेपेटी असे. पुढे तेलाच्या दिव्यांच्या जागी पिवळे बल्ब आले आणि काडेपेट्यांचे काम संपले. धुरींनी त्या कोनाड्यांतून काढल्या नाहीत. पावसाळ्यात सादळल्या की बदलत.

वाटेवरचे पहिले घर चंद्राकाकींचे. धुरींच्या घराशेजारचे, आणि समुद्राच्या बाजूला सुरूच्या बनात जिथे फट आहे तिथे बरोबर समोर. काकींचा मुलगा सुभाष मासेमारीला जायचा. अंधारात होडी आत घेताना तो सुरूच्या फटीतून आईच्या पडवीतला दिवा धरायचा. दिवा फटीत दिसला की होडी सरळ आत घ्यायची. डाव्या अंगाला खडप, म्हणजे पाण्यातला खडक आहे, तो चुकतो. एका वादळात त्याची होडी उलटली. बरोबरचे दोघे दुसऱ्या होडीवाल्यांना सापडले. सुभाष सापडला नाही, त्याचे शरीरही नाही. काकींनी कुठलेही उत्तरकार्य करू दिले नाही. नजर गेली, गुडघे गेले, तेव्हा मुलगी त्यांना डोंबिवलीला घेऊन गेली. जाताना त्या धुरींना एवढेच म्हणाल्या, "विजू, माझो दिवो."

धुरी म्हणाले, "लागतलो गो काकी."

हा शब्द त्यांनी दिला तेव्हा त्यांना तो अवघड वाटला नव्हता. ते रोज संध्याकाळी वाटेने चालत जात, कुलूप उघडत, बटण दाबत, पुढच्या घरी जात. सकाळी पुन्हा तीच फेरी, दिवे बंद करायला. मग एका पावसात विहिरीपाशी पाय घसरून ते पडले आणि गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी चालणे कमी करायला सांगितले. त्यांच्या पत्नी नलिनीवहिनी काही दिवस फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "ह्यां माज्यान होवचा नाय. बंद घरात शिरताना माका भ्या वाटता. आणि तुमचे ते काडयेपेटये बगून जास्त वाटता."

म्हणून घरबसल्या दिवे लावायला मिनी पीसी आला. कुरियरवाला वाडीपर्यंत यायला तयार नव्हता, त्याने खोके हमरस्त्यावरच्या कसालला ठेवले. धुरी एसटीने कसालला गेले आणि खोके टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन परतले. मी त्या दिवशी त्यांच्याकडे होतो. बॉक्समधून निघालेला संगणक पानाच्या डब्याएवढा होता. वहिनी म्हणाल्या, "एवढासाच? ह्येच्यासाटी दोन यश्ट्ये बदललात?"

त्या डब्यात धुरींना आठ संगणक बसवायचे होते. एका खऱ्या संगणकाच्या पोटात आठ आभासी संगणक, प्रत्येक घराला एक. मी ते समजावून मागितले तेव्हा ते म्हणाले, "मुंबयत चाळीत रवलंय मी. छप्पर एक, जिनो एक, नळ एक. पण परत्येक दाराआड एक घर. आतल्या माणसाक वाटता, आपलाच घर. तसाच ह्यां. पेटी एक, घरां आठ. एकाचो दुसऱ्याक पत्तो नाय."

मी आमच्या जुन्या कचेरीतल्या एका तरुण अभियंत्याला फोनवर विचारले. तो म्हणाला, दिवे लावायला इतके संगणक कशाला, एकाच प्रोग्रॅममध्ये आठ ओळी पुरतील. मी हे धुरींना सांगितले.

"पुरतील ता माकाय ठावक आसा," ते म्हणाले. "एका काडयेपेटयेन आठय घरां लागली असती. मगे बापाशीन आठ कित्याक ठेवल्यान होत्यो?"

ती सबंध दुपार अडचणीत गेली. पेन ड्राइव्हवरून मुख्य प्रणाली चढली, पण आतला पहिला संगणक उभा राहीना. पडद्यावर पुन्हा पुन्हा तीच चूक येत होती. धुरी खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे वाकले आणि म्हणाले, "आपण परवानगीच दिलेली नाही, असं दिसतं. ती कुठे द्यायची, तेवढं सांगा."

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "माका जल्मात कधी 'आपण' म्हटल्यात?"

"म्हटल्यार तू आयकतलंस?"

"म्हणून तरी बगा!"

परवानगी यंत्राच्या मूळ मांडणीत एका आतल्या पानावर बंद करून ठेवलेली होती. ती सापडल्यावर त्यांनी पडद्याला "आभारी आहे" म्हटले. मग आठ संगणक एकामागून एक उभे राहिले. डावीकडच्या यादीत नावे आली: वरचे घर, मेस्त्री, विहिरीकडचे, अशी. सगळ्यांत वर "चंद्राकाकी". त्यांच्या स्वतःच्या घराचे नाव यादीत नव्हते. त्यांच्या घरचा दिवा वहिनी तुळशीपुढे हाताने लावत.

माडांवर छोट्या अँटेना चढल्या, प्रत्येक बंद घरात वायफायवर चालणारा स्विच बसला. चंद्राकाकींच्या अंगणातल्या पोफळीवर एक कॅमेराही बसला, दिव्याकडे तोंड करून. डोंबिवलीत मुलीच्या मोबाइलवर काकींना दिवा दिसावा म्हणून. नजर अधू होती, पण उजेड आणि काळोख कळत होता, आणि मोबाइल डोळ्यांशी धरला तर थोडे अधिक.

सगळे जोडून झाल्यावर डबा जाळीच्या कपाटात ठेवला. पूर्वी त्यात दूधदुभते असायचे. खाऱ्या हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्या, मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या. मग धुरी उभे राहिले, टोपी घातली आणि नारळ हातात घेतला. देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय या भागात कशालाच हात लावत नाहीत. शेजारपाजारचे चार जण जमले होते. मलाही उभे केले. धुरींनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान जी पेटी मांडल्यान आसा, तिका वीज-वादळापासून, पाली-मुंगयेपासून राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आठय घरांचे दिवे ज्येच्या त्येच्या येळार लागांदेत. एकाचा दुसऱ्याक लागा नको!"

"व्हय म्हाराजा!"

"जे मुंबयत आसत, त्येंका सुखी ठेव. जो दर्यात आसा, त्येका वाट दाखव रे म्हाराजा!"

या वेळचे "व्हय म्हाराजा" थोडे उशिरा आले, आणि सगळ्यांचे एकदम आले नाही.

एक गोष्ट उरली होती. आठही दिवे एकाच क्षणी लागले तर ते रस्त्यावरच्या दिव्यांसारखे दिसतील, असे धुरींना वाटत होते. दिवे लागायला हवे होते ते कुणीतरी चालत जाऊन लावल्यासारखे. त्यांनी वहिनींच्या हातात मोबाइलचे घड्याळ दिले, खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात ती वाट चालायला लागले. पाय जमिनीवर हलत होते. घर आले की ते बोट उचलत आणि वहिनी वेळ सांगत. एका ठिकाणी बोट बराच वेळ उचलले गेले नाही.

"हय कित्याक थांबल्यात?"

"विहीर इली. विहिरीर कोण ना कोण भेटता."

"आता कोण भेटतला? नळ इल्यापासून पाण्याक कोण येना नाय थय."

"तरी थांबाक व्हया," धुरी डोळे न उघडता म्हणाले. मग पाय पुन्हा हलायला लागले.

तीच अंतरे त्यांनी त्या आठ संगणकांना दिली. त्या संध्याकाळी मी वाटेच्या टोकाला उभा राहून पाहिले. चंद्राकाकींच्या पडवीत दिवा लागला. मग माणूस चालत जाईल तेवढा वेळ काही नाही, मग दुसरा. विहिरीपाशी खोळंबा झाला, आणि पुढचा. वाटेवर कुणी नव्हते. धुरी घरात खुर्चीवर बसून चहा पीत होते. वाडीतली एक बाई दुसऱ्या दिवशी वहिनींना म्हणाली, "विजूदादा घरात बसलेले आसत आणि त्येंची चाल वाटेर आसा. बरा दिसना नाय गो ता." वहिनींनी हे मला हसत सांगितले. पण तिन्हीसांजेला वाटेवर जायचे त्यांनीही सोडले होते.

दिवा लागला की डोंबिवलीहून फोन येई. संभाषण ठरलेले असे.

"विजू, लागलो?"

"लागलो गो काकी."

"वारो आसा?"

"आसा वायच."

"दर्यातसून दिसात मां?"

"दिसात."

फोन बंद होई. मग धुरी जेवायला बसत.

पुढे काकींच्या घराचा प्रश्न आला. जागा सामाईक होती. काकींच्या पुतण्याने हिस्सा विकायचे ठरवले, मुलीनेही आईच्या मुखत्यारपत्रावरून सही दिली. तिथे पर्यटकांसाठी खोल्या होणार होत्या. यात बेकायदा काही नव्हते. धुरींनी पुतण्याला विचारले, "काकीक सांगितलास?"

"तिका सांगान काय मिळाचा? ती आता खंय येतली हय?"

काकींच्या मुलीचाही फोन आला. ती रडत होती. "विजूदादा, आयेक सांगा नको. ती त्या दिव्यार जगता."

एका सकाळी यंत्र आले आणि दुपारपर्यंत घर आडवे झाले. गुडघा दाखवायला मालवणला गेलेले धुरी घाईने परतले, पण कौले, वासे, पडवीचे खांब सगळे ट्रकवर चढले होते. त्यांना बल्बचा होल्डर मिळाला, कॅमेरा मिळाला आणि मातीत पडलेली काडेपेटी मिळाली. संध्याकाळी कपाटातल्या डब्याने ठरल्या वेळी आज्ञा पाठवली. यादीत "चंद्राकाकी" या नावापुढे लाल खूण आली. बाकीची नावे हिरवी होती. फोन वाजला.

"विजू, लागलो?"

"वीज गेली हा काकी."

"सगळ्यांची?"

धुरींनी खिडकीतून वाटेकडे पाहिले. "सगळ्यांची."

तोवर वाटेवरचे बाकीचे दिवे लागून गेले होते. वहिनी सांगत, त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच्या पडवीतला बल्ब काढला आणि काकींचा होल्डर नव्या स्विचसकट तिथे बसवला. समोर कॅमेरा लावला. कोनाड्यात काडेपेटी ठेवली. "चंद्राकाकी" हा संगणक होता तसाच ठेवला. त्याला फक्त दिव्याचा नवा पत्ता दिला. संध्याकाळी खूण हिरवी झाली. वहिनी दारात उभ्या होत्या.

"ही आमची पडवी ना?"

"तिनसांजेपासून फाटेपर्यंत काकीची."

"आणि आमी?"

"आमी मागल्या दारान."

वहिनींना वाटले, थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. त्या दिवसापासून दिवा लागल्यावर धुरी स्वतःच्या पुढच्या दारातून कधी आले नाहीत की गेले नाहीत. बाहेर असले तर घराला वळसा घालून मागे जात. चपला चुकून पडवीत राहिल्या तर सकाळपर्यंत तिथेच राहत. आलेल्या माणसाला खिडकीतून हात करून मागे बोलावत. वहिनींनी तुळशीपुढचा दिवा मागल्या दारी नेला. त्या म्हणत, "विजू धुरी आपल्याच घरात चोरासारखो जाता, असा लोक म्हणतत. खोटा काय आसा त्येच्यात?" पण त्याही मागल्या दाराने जात.

मी एकदा विचारले की काकींना खरे सांगणे सोपे नाही का. धुरी म्हणाले, "आता मी खोटा खंय बोलतंय? दिवो त्येंच्याच पडवीत आसा." हे ते कुठल्याही खोचीने म्हणत नव्हते. मागल्या दाराने जाण्याचा त्रास ते घेत होते, तो हे वाक्य खरे राहावे म्हणून.

ते वाक्य होडी चालवणाऱ्या एका तांडेलाने मोडले. बाबू तांडेल हा शेजारच्या वाडीतला, जुन्या होड्यांवर वाढलेला. मासे द्यायला मागल्या दारी आला होता. मी तिथे बसलो होतो. वहिनी मासे निवडत होत्या आणि तो सहज बोलून गेला, "काकीची बत्ती हल्ली वायच उत्तरेक सराकली, विजूदा. सुरूच्या फटीत गावना नाय."

धुरींनी विचारले, "किती सराकली?"

बाबूने हात लांब करून एक बोट उभे धरले. "बोटभर."

"बोटभर म्हंजे दर्यात किती?"

"थय खडप आसा," बाबू म्हणाला. मग धुरींचा चेहरा बघून त्याने घाईने पुढे जोडले, "आमका काय नाय. आमका मोबाइलार वाट दिसता. जुन्या अंदाजान येणारो कोण येत, तरच."

"कोण येणारो आसा?" वहिनींनी विचारले. त्यांना आपण काय विचारले ते विचारल्यावर कळले. बाबूने टोपली उचलली आणि तो गेला.

त्यानंतर धुरींनी नव्या मालकाकडे एका खांबाची जागा मागितली. जुन्या पडवीच्या जागी एक खांब आणि त्यावर एक पिवळा बल्ब, विजेचा खर्च आपला. मालक सभ्यपणे बोलला, पण तिथे पोहण्याचा तलाव व्हायचा होता. धुरी पुन्हा गेले नाहीत.

मी त्यांना जिवंत पाहिले ते शेवटचे, या सगळ्यानंतर काही आठवड्यांनी. बातमीसाठी मालवणात होतो, परतताना वाडीत शिरलो. पडवीत दिवा लागला होता. पुढून हाक मारायची नाही हे मला आता माहीत होते. मी घराला वळसा घातला. धुरी मागल्या दाराच्या पायरीवर बसले होते, समुद्राकडे पाठ करून. आत जाळीच्या कपाटातून डब्याच्या पंख्याची बारीक घरघर येत होती. तब्येत विचारली तर बरी म्हणाले. फोनवरचे नेहमीचे संभाषण नुकतेच आटोपले होते.

"'दर्यातसून दिसात मां' म्हणून इचारता," ते म्हणाले. "आणि मी 'दिसात' म्हणतंय. दिसता, ता खरा. दिसता म्हणूनच भ्या वाटता."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो.

"दिव्याची प्रत काडलंय," ते म्हणाले. "जाग्याची काडूक येना नाय."

मी निघालो तेव्हा ते वाटेपर्यंत सोडायला आले नाहीत. वळसा लांब होता आणि गुडघा दुखत होता. पायरीवरूनच हात केला.

ते एका सकाळी गेले, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. मला दुपारी कळले. धुरींची मुलगी पुण्याहून यायची होती, म्हणून सगळे थांबले. ती पोचेपर्यंत ऊन माडांच्या मुळाशी आले होते. भटजी घाई करत होते. अंगणात माणसे जमली, तिरडी बांधून झाली, चौघांनी खांदा द्यायला हात घातले. घराच्या पुढच्या दारातून काढायचे हे सांगावे लागत नाही.

"वायच थांबा," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांना वाटले, शेवटचे बघायचे आहे. वहिनी मोबाइल शोधत होत्या. भटजी म्हणाले, "तिनसान होतली आता." वहिनी म्हणाल्या, "म्हणानच." त्यांनी डोंबिवलीला फोन लावला. काकींच्या मुलीने उचलला. वहिनींनी काकींना द्यायला सांगितले. अंगणात इतकी शांतता होती की पलीकडचा आवाज दारातल्या सगळ्यांना ऐकू येत होता.

"काकी, मी नली. विजू गेले."

वहिनींनी मोबाइल दुसऱ्या हातात घेतला.

"त्येंका भायर काडूचा आसा," वहिनी म्हणाल्या. "तिनसान झाली. तुमच्या पडवीतसून न्हेव?"

हा प्रश्न विचारताना त्यांनी काय उघड केले, हे अंगणातल्या सगळ्यांना कळले. काकींच्या मुलीचा दबलेला आवाज फोनमधून आला. मग काकी बोलल्या.

"न्हेय गो बाय. त्येका कित्याक इचारतंस?"

"तुमका ठावक होता?"

"माज्या खांबाक सुभाषच्या दोरीचो घळ पडलेलो. लानपणापासून तो थय बांधून होडयेची दोरी वळी. मोबाइलात तो खांब पयल्याच दिसाक दिसलो नाय." त्या दम घ्यायला थांबल्या. "विजूक सांगाक नाय. तो इतक्या मनापासून 'लागलो' म्हणी."

वहिनींनी तोंडावर पदर धरला. बाबू तांडेल कठड्यापाशी उभा होता, तो खाली बघत होता.

"काकी," वहिनी म्हणाल्या, "दिवो वायच सरकलो हा. ते त्याच घोरात गेले."

"सरकांदे. सुभाष येतलो तर इचारीत येतलो," काकी म्हणाल्या. "तू दिवो लागांदे. जा, न्हेया त्येका."

त्यांनी फोन ठेवला नाही. तो तसाच चालू राहिला, वहिनींच्या हातात.

चौघांनी उचलले. ते उंबरा ओलांडत असताना भिंतीतल्या स्विचचा टक् असा आवाज झाला आणि पडवीत दिवा लागला. पुढचा खांदेकरी अडखळला, मग चालू लागला. काकींचा दिवा पडवीत आल्यापासून तिन्हीसांजेला त्या पडवीतून बाहेर पडलेले धुरी कुणी पाहिले नव्हते.

आम्ही वाटेला लागलो. या गावात प्रेत जाताना घराघरातली माणसे पडवीत येऊन उभी राहतात. मेस्त्र्यांच्या पडवीत दिवा लागला. तिथे कुणी नव्हते. मग वरच्या घराच्या पडवीत. तिथेही कुणी नव्हते. दिवे आमच्या थोडे पुढे लागत होते, माणूस पुढे चालत गेल्यासारखे. विहिरीपाशी विसावा असतो. तिथे तिरडी खाली ठेवली, खांदे बदलले. दिवेही थांबले. पुढची वाट काळोखी होती आणि सगळे तिकडेच बघत उभे होते.

आम्ही पुन्हा उचलायला वाकलो, त्याच्या आधी पुढचा दिवा लागला.